हजारो बदलांतून कर्करोग चालवणारे चार-पाच कसे शोधतात

कर्करोगाच्या एखाद्या गाठीतला डीएनए पूर्ण वाचला, की हजारो उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएतले बदल, हाती लागतात. मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) किंवा धूम्रपानामुळे झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात हा आकडा लाखाच्या घरातही जाऊ शकतो, तर लहान मुलांच्या काही कर्करोगांत तो काही शेकड्यांवरच थांबतो. यांतली बहुतेक उत्परिवर्तने पेशीचे ना भले करतात ना वाईट. रोग पुढे रेटणारी फार थोडी असतात. ३८ प्रकारच्या २,६५८ कर्करोगांचे संपूर्ण जनुकसंच एकत्र तपासणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दर गाठीमागे अशी सरासरी चार ते पाच उत्परिवर्तने आढळली. त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणजे चालक म्हणतात, बाकीच्यांना ‘पॅसेंजर’ म्हणजे प्रवासी.

प्रवासी इतके का असतात? पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि दर वेळी एखाददुसरी चूक राहून जाते. ऊन, तंबाखूचा धूर, पेशीतली रोजची रासायनिक झीज यांचीही भर पडते. या चुका जन्मापासून साचत असतात. मग एखाद्या पेशीत असा बदल होतो, की ती शेजारणींपेक्षा वेगाने वाढू लागते किंवा मरायची वेळ आली तरी मरत नाही. तिच्यापासून जन्मलेल्या प्रत्येक पेशीत तो बदल जातोच, आणि त्याआधी साचलेल्या सगळ्या किरकोळ चुकाही जातात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती हीच. त्यामुळे एखादे उत्परिवर्तन गाठीतल्या झाडून सगळ्या पेशींत सापडले, म्हणून ते चालक ठरत नाही.

उत्परिवर्तनाच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. म्हणून शेकडो-हजारो रुग्णांच्या गाठी एकत्र घेऊन तपासावे लागते. पण तिथेही ‘हे जनुक किती रुग्णांत बदललेले दिसले’ एवढेच विचारून भागत नाही. निव्वळ योगायोगाने ते किती रुग्णांत बदललेले दिसले असते, आणि प्रत्यक्षात त्याहून किती जास्त दिसले, हा खरा प्रश्न आहे. या शोधातली जवळजवळ सगळी मेहनत आणि जवळजवळ सगळ्या चुका त्या ‘योगायोगाने किती’ भोवती फिरतात.

आधी वाचन खरे हवे

दोन नमुने लागतात: गाठीचा एक, आणि त्याच माणसाच्या निरोगी पेशींचा एक. बहुधा रक्त घेतात. प्रत्येक माणसाचा डीएनए संदर्भ जनुकसंचापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जनुकसंचापेक्षा, ४० ते ५० लाख ठिकाणी जन्मतःच वेगळा असतो. हे जन्मजात फरक वजा केल्याशिवाय गाठीत नव्याने काय घडले ते कळत नाही. केवळ गाठीचा नमुना घेऊन, लोकसंख्येच्या नोंदींवरून जन्मजात फरक गाळता येतात. पण ज्या समाजांचे नमुने त्या नोंदींत कमी आहेत, त्यांचे वारशाने आलेले दुर्मिळ फरक ‘नवे उत्परिवर्तन’ म्हणून यादीत घुसतात. दोन्ही नमुने घेणे शक्य असेल तिथे ते टाळू नये. रक्ताच्या कर्करोगात मात्र रक्त हा निरोगी नमुना होऊच शकत नाही. तिथे त्वचेच्या पेशी वाढवून घेणे बरे; लाळेतही पांढऱ्या पेशी असतात, त्यामुळे लाळ पुरेशी सुरक्षित नाही. निरोगी नमुन्यात गाठीच्या पेशी मिसळल्या, तर वजाबाकीत खरा चालकच निघून जातो.

गाठीच्या तुकड्यातल्या सगळ्या पेशी कर्करोगाच्या नसतात. रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी, आधार देणारे ऊतक असे सगळे त्यात आलेले असते. समजा ६० टक्के पेशी कर्करोगाच्या आहेत. त्या सगळ्यांत एक उत्परिवर्तन आहे, आणि गुणसूत्रांच्या जोडीतल्या एकाच प्रतीवर आहे. मग त्या जागेच्या वाचनांपैकी ६० टक्क्यांच्या निम्म्या, म्हणजे ३० टक्के वाचनांत ते दिसेल. तेच उत्परिवर्तन कर्करोगाच्या केवळ पाव पेशींत असेल, तर साडेसात टक्क्यांत. डीएनएची प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली, याला वाचनाची खोली किंवा ‘डेप्थ’ म्हणतात, आणि सगळे इथे ठरते. ५ टक्के वाचनांत असलेला बदल किमान तीन वाचनांत दिसल्यावरच ग्राह्य धरायचा असा नियम केला, तर ३० डेप्थला तो सापडण्याची शक्यता जेमतेम १९ टक्के असते. १०० डेप्थला ती ८८ टक्के होते. यंत्राच्या क्षमतेत काहीच बदललेले नसते, बदलते ती वाचनांची संख्या. म्हणून निरोगी नमुना ३० डेप्थला चालतो, गाठीला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते, आणि निवडक जनुकांच्या पॅनेल तपासणीत ५०० किंवा त्याहूनही पुढे जातात.

दुसऱ्या टोकाला खोटे बदल असतात. पॅथॉलॉजीत ऊतक फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात ठेवतात. फॉर्मालिनमुळे आणि ठोकळा जुना होत जातो तसा डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांपैकी सी चा अमिनो गट गळतो, त्याचे यू होते, आणि यंत्र तिथे टी वाचते. असे सी-चे-टी बदल कमी टक्केवारीच्या वाचनांत शेकड्यांनी उगवतात. यू हे अक्षर काढून टाकणारे विकर (एन्झाइम) वाचनाआधी वापरले, तर बरेच कमी होतात. डीएनएचे तुकडे करताना जी अक्षराचे ऑक्सिडेशन झाले, तर जी-चे-टी असे दिसणारे बदल येतात. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून वाचतात; हे बदल त्यांतल्या एकाच बाजूच्या वाचनात जास्त दिसतात, आणि त्यावरूनच पकडले जातात. एखाद्या नमुन्यात एकाच प्रकारचे बदल अचानक भरमसाट दिसले, तर जीवशास्त्र शोधण्याआधी नमुना कसा साठवला होता ते विचारावे.

वाचने संदर्भ जनुकसंचावर बसवण्याचे काम बीडब्ल्यूए-मेम सारखी साधने करतात. गाठ आणि निरोगी नमुना शेजारी ठेवून बदल शोधण्याचे काम म्यूटेक्ट२, स्ट्रेल्का२ सारखी. दोन वेगळ्या साधनांनी स्वतंत्रपणे पकडलेला बदल जास्त भरवशाचा. त्याच प्रयोगशाळेतल्या अनेक निरोगी नमुन्यांची यादी करून, तिच्यात वारंवार येणाऱ्या जागा गाळाव्यात. आणि शेवटच्या यादीतला प्रत्येक महत्त्वाचा बदल आयजीव्ही सारख्या दर्शकात डोळ्यांनी पाहावा. सगळी वाचने एकाच दिशेची आहेत का, बदल नेहमी वाचनाच्या टोकालाच आहे का, शेजारी एकाच अक्षराची लांब रांग आहे का? हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

‘आपोआप किती’ याचा हिशेब

एक सोपा हिशेब करू. ५०० गाठी घेतल्या. उत्परिवर्तनांचा सरासरी दर दहा लाख अक्षरांमागे २ आहे. एका जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग १,५०० अक्षरांचा आहे. सगळ्या गाठी मिळून त्यात आपोआप किती उत्परिवर्तने पडतील? १,५०० × ५०० × २ भागिले १० लाख, म्हणजे दीड. प्रत्यक्षात १२ दिसली, तर असे योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे दीड कोटीत एक आहे. जनुके साधारण २०,००० आहेत. एवढ्या सगळ्यांची चाचणी घेतली, हे धरूनही हा निकाल टिकतो.

आता टीटीएन पाहा. स्नायूंतले टायटिन हे प्रचंड प्रथिन घडवणारे हे जनुक. त्याचा प्रथिन घडवणारा भाग सुमारे एक लाख अक्षरांचा. त्याच हिशेबाने त्यात आपोआपच १०० उत्परिवर्तने पडायला हवीत. १०० दिसली, तर त्यात बातमी काहीच नाही. तरीही ‘सर्वाधिक वेळा बदललेली जनुके’ अशा तक्त्यांत टीटीएन कायम वर असते, आणि नवख्या माणसाला वाटते, काहीतरी मोठे सापडले.

लांबीचा हिशेब सोपा आहे. खरी अडचण ही, की उत्परिवर्तनांचा दर सगळीकडे सारखा नसतो. पेशी विभागताना डीएनएचे जे भाग उशिरा नकलले जातात, त्यांत चुका जास्त राहतात. जी जनुके पेशी क्वचितच वापरते, त्यांतही जास्त राहतात, कारण जनुक वापरात असताना चालणारी दुरुस्ती त्यांच्या वाट्याला येत नाही. वास ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनांची (रिसेप्टरांची) जनुके या दोन्ही बाबतींत अभागी: फुप्फुसाच्या पेशीत त्यांना काम नाही आणि त्यांची नक्कलही उशिरा होते. सर्वांना एकच सरासरी दर लावला, तर ती चालकांच्या यादीत येऊन बसतात. २०१३ साली फुप्फुसाच्या स्क्वॅमस कर्करोगाच्या १७८ गाठींवर हे स्पष्ट दाखवले गेले. सरधोपट दर लावला, तेव्हा ४५० जनुके ‘लक्षणीय’ ठरली. नकलेची वेळ, जनुकाचा वापर आणि रुग्णारुग्णातला फरक हिशेबात घेणारी म्यूटसिगसीव्ही ही पद्धत लावली, तेव्हा ११ उरली. माहिती तीच होती.

अक्षरांची संगतही महत्त्वाची. एका अक्षराचे बदल सहा प्रकारांत बसतात. प्रत्येकाच्या आधीचे आणि नंतरचे अक्षर धरले, की ९६ प्रकार होतात. अतिनील किरणांचा, तंबाखूचा, बिघडलेल्या दुरुस्तीचा असा प्रत्येकाचा ठसा या ९६ प्रकारांत वेगळा उमटतो. मेलानोमातला हिशेब मेलानोमाच्या ठशाने करावा, आतड्याचा आतड्याच्या. काही गाठींत डीएनए दुरुस्तीच मोडलेली असते आणि दर इतरांच्या कैक पट असतो. ५०० गाठींत अशा दहा जरी असल्या, तरी सगळी बेरीज त्या वाकवतात. त्यांचा हिशेब वेगळा करावा, किंवा एका जनुकात एका रुग्णामागे एकच उत्परिवर्तन मोजावे.

या सगळ्या दुरुस्त्यांवर मला सर्वात देखणी वाटणारी युक्ती वेगळीच आहे: जनुकाला त्याच्या स्वतःशीच ताडून पाहायचे. काही उत्परिवर्तनांनी प्रथिनातले अमिनो आम्ल बदलते, काहींनी बदलत नाही. न बदलणाऱ्यांना मूक म्हणतात. मूक उत्परिवर्तनांचा पेशीला बहुधा ना फायदा ना तोटा, म्हणून ‘आपोआप किती’ हे तीच सांगतात, आणि तेही त्याच जनुकात, त्याच पेशीत, त्याच दराने. निवड, म्हणजे फायद्याचा बदल असलेल्या पेशींनी इतरांना मागे टाकणे, नसेल तर एका मूक उत्परिवर्तनामागे प्रथिन बदलणारी साधारण अडीच ते तीन पडतात. एखाद्या जनुकात १० मूक असतील, तर २५-३० अपेक्षित. ६० दिसली, तर निम्मी निवडीमुळे आलेली. डीएनडीएससीव्ही हे साधन याच तत्त्वावर चालते. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. ६० पैकी निम्मी चालक आहेत एवढेच हा हिशेब सांगतो; ती नेमकी कोणती, हे सांगत नाही. ‘चालक जनुक’ आणि ‘चालक उत्परिवर्तन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालक जनुकातही प्रवासी उत्परिवर्तने असतात, आणि रुग्णाच्या अहवालात हा फरक हरवला तर उपचाराची दिशा चुकते. उलट बाजूनेही सावध राहावे: टीपी५३ या वाढ रोखणाऱ्या जनुकात १२५व्या जागेवरचा एक ‘मूक’ बदल आरएनएचे तुकडे जोडले जातात ती जागाच मोडतो. कागदावर मूक, पण काम पूर्ण चालकाचे.

२०,००० जनुकांना ‘योगायोगाची शक्यता ०.०५ हून कमी’ ही नेहमीची मर्यादा लावली, तर १,००० खोटे निकाल हातात पडतील. म्हणून खोट्या निकालांचे प्रमाण मर्यादित ठेवणारी दुरुस्ती, बहुधा बेंजामिनी-होखबर्ग पद्धत, लावल्याशिवाय यादी कोणाला दाखवू नये.

कुठे पडले, कसे पडले

संख्येइतकीच बोलकी असते उत्परिवर्तनांची जागा. पेशीला वाढायला लावणारी जनुके, म्हणजे ऑन्कोजीन, ठरावीक ठिकाणी बदलल्यावरच जोमात येतात. बीआरएएफ मध्ये ६००वी जागा, केआरएएस मध्ये १२वी, आयडीएच१ मध्ये १३२वी. प्रथिनाच्या चित्रावर उत्परिवर्तने मांडली, की एकदोन उंच मनोरे दिसतात. वाढ रोखणाऱ्या जनुकांचे उलट असते. ती कुठेही मोडली तरी काम भागते, म्हणून एपीसी मध्ये प्रथिन अर्धवट तोडणारे बदल लांबवर विखुरलेले दिसतात. शिवाय त्यांच्या बहुधा दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. एका प्रतीवर उत्परिवर्तन आणि दुसरी प्रत गुणसूत्रासकट गायब, हे चित्र चालकाकडे बोट दाखवते. २०१३ साली मांडला गेलेला एक ठोकताळा अजून कामाचा आहे: जनुकात नोंदलेल्या उत्परिवर्तनांपैकी २० टक्क्यांहून जास्त ठरावीक जागांवर असून अमिनो आम्ल बदलणारी असतील तर ऑन्कोजीन, २० टक्क्यांहून जास्त निकामी करणारी असतील तर वाढरोधक.

मनोरा दिसला म्हणजे चालक, असेही नाही. अपोबेक नावाची विकरे विषाणूंविरुद्ध काम करता करता पेशीच्या स्वतःच्या डीएनएलाही चावतात. डीएनए स्वतःवर दुमडून केसाच्या पिनेसारखा वळतो, तिथे टोकाला असलेले सी त्यांना फार सोपे जाते. त्यामुळे वेगवेगळ्या रुग्णांत नेमक्या त्याच जागी उत्परिवर्तन दिसते, निवडीचा काही संबंध नसताना. प्रथिन न घडवणाऱ्या भागात हा घोटाळा जास्त होतो. मेलानोमात ईटीएस कुळातली प्रथिने जिथे डीएनएला चिकटतात, तिथे अतिनील किरणांचा मारा जास्त बसतो, आणि अनेक जनुकांच्या प्रवर्तक, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या, भागात तशाच जागी बदल दिसतात. त्यांतले बहुतेक प्रवासी आहेत. पण २०१३ साली सापडलेले टीईआरटी च्या प्रवर्तकातले दोन बदल पक्के चालक. त्यांनी ईटीएस प्रथिनांना चिकटायला नवी जागा तयार होते, गुणसूत्रांची टोके झिजू न देणारे टेलोमरेज हे विकर पुन्हा सुरू होते आणि पेशीला विभागत राहण्याची मर्यादा उरत नाही. ते मेलानोमाबरोबरच मेंदू, मूत्राशय आणि यकृताच्या कर्करोगांतही सापडतात, जिथे उन्हाचा प्रश्नच नाही. अतिनील किरणांना दोष देऊन सुटता येत नाही, ते इथे.

एका अक्षराचा बदल हा चालकाचा एकच प्रकार. बीसीआर-एबीएल सारखी जनुकांची जोडणी, एचईआर२ च्या कित्येक पट वाढलेल्या प्रती, सीडीकेएन२ए चा अख्खा तुकडा गायब होणे हेही चालकच. केवळ प्रथिन घडवणारा भाग, म्हणजे जनुकसंचाचा एक-दोन टक्के, वाचणाऱ्या एक्झोम तपासणीत जोडण्या सहज निसटतात, कारण तुटण्याची जागा बहुधा मधल्या न वाचलेल्या भागात असते. तिथे आरएनए वाचन जास्त उपयोगी.

हिशेबानंतर

एकाच पद्धतीवर विसंबणे धोक्याचे. ३३ प्रकारांच्या कर्करोगांवरील टीसीजीए (द कॅन्सर जीनोम ॲटलस) प्रकल्पाची माहिती अनेक साधनांनी तपासून, त्यांचे निकाल पडताळून २०१८ साली २९९ चालक जनुकांची यादी झाली. त्यानंतर २०२० साली २८,००० हून अधिक गाठींवर इंटोजेन या उपक्रमाने ५६८ जनुके दिली. गाठी वाढल्या की दुर्मिळ चालक दिसू लागतात: २ टक्के रुग्णांत बदलणारे जनुक १०० गाठींत दोनदाच दिसेल, आणि दोन दर्शनांवर कोणताही हिशेब टिकत नाही.

संख्याशास्त्र संशयित देते. पुरावा प्रयोगशाळेतून यावा लागतो. उत्परिवर्तन पेशीत घालून ती वाढघटकांशिवाय जगते का पाहतात, किंवा क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने जनुक बंद करून कर्करोगाची पेशी मरते का पाहतात. हल्ली एका जनुकातले जवळपास प्रत्येक संभाव्य बदल एकाच प्रयोगात तपासता येतात, आणि ‘अर्थ अज्ञात’ असा शिक्का बसलेल्या कितीतरी बदलांचा त्यामुळे निकाल लागतो.

चालक ठरले म्हणजे औषध ठरले असेही नाही. बीआरएएफ च्या ६००व्या जागेवरचा तोच बदल मेलानोमात असला, तर बीआरएएफ रोखणारे औषध गाठ झपाट्याने लहान करते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तेच औषध एकटे फारसे चालत नाही. तिथे बीआरएएफ दाबले की ईजीएफआर हा वाढीचा संदेश देणारा मार्ग उसळतो आणि पेशी वाढतच राहते. दोन्ही एकत्र रोखावे लागतात. रक्तात पेशींबाहेर तरंगणाऱ्या मुक्त डीएनएवर तपासणी केली असेल, तर आणखी एक खातरजमा हवी. वय वाढते तशा रक्तपेशींच्या काही वंशांत डीएनएमटी३ए, टेट२ या जनुकांची उत्परिवर्तने साचतात. ती गाठीतून आलीच नसतात. त्याच रक्ताच्या पांढऱ्या पेशी तितक्याच खोलीवर वाचल्या की हा गोंधळ मिटतो.

निवड म्हणजे कर्करोग, हेही पूर्ण खरे नाही. २०१८ साली निरोगी अन्ननलिकेचे अस्तर वाचले, तेव्हा मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांत नॉच१ बदललेल्या पेशींनी मोठा भाग व्यापलेला दिसला. अन्ननलिकेच्या कर्करोगांत याच जनुकाची उत्परिवर्तने त्याहून कमी आढळतात. म्हणजे नॉच१ मोडल्याने पेशीला शेजारी हटवून पसरायचा फायदा मिळतो, पण ती वाट कर्करोगाकडे जातेच असे नाही. निरोगी ऊतकाशी तुलना केल्याशिवाय हे कळले नसते.

२,६५८ गाठींच्या त्या अभ्यासात सुमारे ५ टक्के गाठींत एकही चालक सापडला नाही. अशी गाठ समोर आली, की आधी वाचन तपासावे. टीईआरटी चा प्रवर्तक जी आणि सी यांनी ठासून भरलेला असल्याने तिथे वाचने कमी पडतात. डेप्थच नसेल, तर ‘बदल नाही’ या शब्दांना अर्थ नाही. मग निरोगी नमुन्यात गाठ मिसळली आहे का पाहावे. मग जनुके सोडून अख्ख्या गुणसूत्रांकडे पाहावे. मूत्रपिंडाच्या क्रोमोफोब कर्करोगात बऱ्याचदा असेच होते. अक्षरांत चालक सापडत नाही, पण १, २, ६, १०, १३ आणि १७ या गुणसूत्रांची एकेक प्रत गाठीमागून गाठीत गायब असते.